कुबेराचं बिऱ्हाड

रामटेक, ४ जुलै

धम्मरत्न,

नावाआधी काय लिहावं यात एक कागद वाया गेला. 'प्रिय' लिहिलं असतं तर तुम्ही दचकला असता. 'माननीय' लिहिलं असतं तर वकिलाची नोटीस समजून पाकीट न फोडता गल्ल्याखाली सरकवलं असतं. तेव्हा नुसतं नाव, आणि जयभीम.

फोन न करता पत्र का, हे तुम्हाला ठाऊक आहे. फोनवर आपलं पहिलं वाक्य बरं जातं, दुसऱ्यात तुम्ही 'तुले तर' म्हणता, आणि तिसऱ्याला नयन खोलीतून निघून जाते. मी मारेगावला, तुम्ही पांढरकवड्याला, अशी दोन घरं इतकी वर्षं चालवून आपण एवढं तरी शिकलो आहोत. शिवाय कागदावर मी कितीही बोलले तरी तुम्हाला मध्येच तोडता येत नाही.

काल नयनला तुमच्या दारात सोडलं तेव्हा आत आले नाही, कारण रिक्षा थांबली होती. रिक्षा मीच थांबवून ठेवली होती, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आता मुद्दा. तिला डिसेंबरपर्यंत तुमच्याकडे राहायचं आहे. माझ्या प्रबंधाला मिळालेली ही शेवटची मुदतवाढ, आणि तो इथे विद्यापीठाच्या होस्टेलवर राहूनच पुरा होईल. कॉलेजने रजा दिली तीही मोठ्या मुश्किलीने. मागच्या दिवाळीत ती चार दिवसांसाठी म्हणून तुमच्याकडे आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मारेगावला परत. का, विचारलं तर म्हणाली, "घराले दुकानाचा वास येते, अन् बाबा फोनवरच असते." या वेळी ती तशी परत आली तर मला रजा मोडावी लागेल आणि प्रबंध कपाटात जाईल. तुमच्याकडे मात्र ती पुन्हा बिऱ्हाड घेऊन येईल असं मला वाटत नाही. नुकसान दोघांचंही होईल, आणि आपण दोघं एका बाजूला असण्याचा हा बऱ्याच दिवसांतला पहिलाच प्रसंग आहे.

ती आली ती एका अटीवर, की कुबेर बरोबर पाहिजे. कुबेर म्हणजे तिचा हॅमस्टर, ज्याला तुम्ही काल तिच्यासमोर 'उंदीर' म्हणालात. तो गालात दाणे भरून कोपऱ्यात साठवतो, खातो थोडे आणि मोजतो जास्त, म्हणून हे नाव मी ठेवलं. नाव हिंदूंच्या देवाचं काहून, असं तुम्ही तिला विचारल्याचं कळलं. निश्चिंत असा. हेच दैवत बौद्धांकडे जंभल या नावाने आहे आणि त्याच्या हातात मुंगूस असतं. आपल्या घरी निदान मुंगूस तरी नाही.

त्याला काही झालं तर नयन एक दिवस थांबणार नाही. आणि हे प्राणी मरतात ते उपासमारीने कमी, मालकाच्या स्वच्छतेने जास्त. म्हणून हे पत्र.

पिंजरा रोज थोडा आणि पंधरवड्यातून एकदा पूर्ण साफ करायचा. रोजचं म्हणजे, तो ज्या कोपऱ्यात लघवी करतो तिथले ओले कागद काढून कोरडे घालायचे. कोपरा ठरलेला असतो; या बाबतीत तो पुष्कळ माणसांपेक्षा शिस्तीचा आहे. लपवलेली काकडी सडण्याआधी उचलायची, पण कोरडे दाणे राहू द्यायचे. ती त्याची जन्माची कमाई, सगळी एकदम जप्त केली तर तो हाय खातो.

पंधरवड्याचं काम संध्याकाळी, तो आपण होऊन उठल्यावर. झोपेतून उचलला तर चावेल, आणि चूक तुमची असेल. आधी त्याला उंच काठाच्या बादलीत ठेवायचं, तळाशी कागद, वर जाळी. मग पिंजरा अंगणात न्यायचा; स्वयंपाकाच्या मोरीत नाही. फिनाइल नाही, ब्लीचिंग नाही, डांबराच्या गोळ्या त्या खोलीतसुद्धा नाहीत. आणि चंदाबाईंना सांगा, पिंजऱ्याला अगरबत्ती ओवाळायची नाही. तुमच्या बहिणीचा जीव मोठा आहे, पण तिच्या धुराने मला शिंका येतात, तो तर मुठीएवढा. पांढरा सिरका पाण्यात मिसळून फडक्याने पुसायचं, मग साध्या पाण्याने वास जाईपर्यंत धुवायचं आणि खडखडीत कोरडं करायचं. त्याच्या अंगावर पाणी घालायचं नाही. खाली कोऱ्या कागदाच्या पट्ट्या. लाकडाचा भुसा नको. आरा मशीनवर सागवानाचा भुसा पोत्याने मिळतो हे मला माहीत आहे, आणि तुम्हाला तो मोह होणार हेही. त्याची धूळ छातीत जाते, त्याच्याही आणि नयनच्याही.

जुन्यातली एक कोरडी मूठ काढून नव्या कागदांत मिसळायची. सगळं एकदम नवं झालं तर त्याला आपलं घर ओळखू येत नाही.

आणि तुमचे हात. कृषी केंद्रातून आल्या आल्या पिंजऱ्याला हात लावायचा नाही. फवारणीच्या ज्या डब्यांवर कवटीचं चित्र असतं ते दिवसभर हाताळून तुम्ही घरी येता. कपडे बदला, कोपरापर्यंत साबणाने हात धुवा, मग त्याला जवळ घ्या.

वाचून कंटाळला असाल. पत्र फ्रिजवर चिकटवा.

शीला


रामटेक, १८ जुलै

धम्मरत्न,

तुमचं उत्तर मिळालं. दुकानाच्या बिलाच्या मागे लिहिलेलं. "तुह्यं पत्र भेटलं. उंदीर बरा हाय. नयन बरी हाय. पाऊस नाई." क्रम लक्षात आला. उंदराला पहिलं स्थान दिलंत, याबद्दल त्याच्या वतीने आभार.

मात्र तो बरा नाही, असं नयनकडून कळलं. रविवारी तुम्ही पिंजरा धुतलात. कपड्याच्या साबणाने, ब्रशने, जाळीचा गज न् गज. कागद सगळे जाळलेत. दाणे कोंबड्यांना टाकलेत. मूठभर जुनं ठेवा असं नयन म्हणाली तर तिला म्हणालात, "अर्धवट धुणं मले जमत नाई." मग तो रात्रभर गजांना तोंड घासत फिरला आणि सकाळी तिच्या बोटाला चावला. तो तिला याआधी कधी चावला नव्हता. तिला रक्तापेक्षा त्याचं जास्त लागलं.

तुमचा हेतू चांगला होता. ते माझ्याइतकं कुणाला माहीत असेल? लग्न झाल्यावर माझ्या ट्रंकेतली सगळी पुस्तकं तुम्ही उन्हात घालून झटकली होती आणि नव्या कपाटात रंगांनुसार लावली होती. व्याकरण कुठे गेलं ते मला महिनाभर सापडलं नाही.

पण पत्र त्यासाठी नाही. नयनने फोनवर सहज सांगितलं, "खोली मस्त हाय आई, पण झोपच येत नाई." मग मी जरा चौकशी केली. ती येणार म्हणून तुम्ही खोलीला नवा रंग दिलात, नवा पलंग, नवी गादी, कार्टूनची चादर. आणि मारेगावहून आणलेली तिची गोधडी विटकी आहे म्हणून चंदाबाईंनी धुऊन माळ्यावर टाकली.

धम्मरत्न, ती गोधडी माळ्यावरून काढा. पुन्हा न धुता. बाकी तुमचं तुम्हाला कळेल.

शीला

ता.क. त्याच्या पिंजऱ्यात आता जुनं काहीच उरलं नसेल तर नयनला विचारा. त्याचा झोपायचा मातीचा भुगणा, ते छोटं मडकं, तिने धुऊ दिला नव्हता म्हणे, पलंगाखाली लपवला होता. तो परत आत ठेवा.


रामटेक, ६ ऑगस्ट

धम्मरत्न,

नयन आता नऊच्या ठोक्याला झोपते, असं चंदाबाईंनी तिच्याच फोनवर मध्ये तोंड घालून सांगितलं. "गोधडी डोक्यावरून घेते अन् मेल्यावानी निजते, काळजी नको करू." उपमा जरा बदलता आली असती, पण बरं वाटलं.

दुसरीही बातमी आली. तुम्ही आता दुकानाचा शर्ट अंगणात खिळ्याला टांगता, नळावर कोपरापर्यंत हात धुता, बनियन बदलता आणि मगच उंबरा ओलांडता. रोज. मी नयनला दोनदा विचारलं, की आपण त्याच धम्मरत्नबद्दल बोलतो आहोत ना.

ती पाळण्यात होती तेव्हा मी नेमकं हेच सांगत होते. संध्याकाळी तुम्ही आलात की तिला उचलायला धावायचा आणि मी आडवी यायची. तुम्ही म्हणायचा, "मी इकतो, फवारत नाई. कायले इतकी भेतं?" आणि मग ज्यावर आपण भांडायचो त्या सगळ्या विषयांवर भांडायचो. एवढी वर्षं जे बायकोसाठी झालं नाही ते उंदरासाठी झालं. मी रागावलेली नाही. वशिला कुणाचा लागेल ते सांगता येत नाही एवढंच.

माझं दुसरं प्रकरण संपत आलं आहे. इथली मेस तुम्हाला आवडली नसती. भाजीत तिखट नाही आणि माणसं फार हळू बोलतात.

शीला


रामटेक, १९ ऑगस्ट, दुपार

धम्मरत्न,

आत्ता नयनचा फोन आला. रडत होती, त्यामुळे अर्धंच कळलं. "कुबूचा पाय निळा झाला. आत्याने कापूस टाकलता. पायाले गुंडाळला. तो ओरडून राह्यला आई." मग फोन पडला की बंद झाला, कळलं नाही. नंतर तुम्ही उचलत नाही.

घरात तीन माणसं. त्यातल्या एकाने तरी दिवसातून एकदा पिंजऱ्यात वाकून पाहायला काय हरकत होती? मी पानं भरभरून लिहिलं होतं. फोनवर बोलण्याएवढी मी आत्ता शांत नाही, आणि तसंही तुमचं दुकान पोळ्याआधीच्या आठवड्यात तुम्हाला सोडत नसेल. गिऱ्हाईक उभं असेल.

मी उद्या सकाळच्या गाडीने निघते. तिचे कपडे आणि वह्या बांधून ठेवा. शाळेतून दाखला काढायचं मी बघेन. हे पत्र माझ्यामागून पोचेल हे मला कळतं, पण लिहिल्याशिवाय मला गाडीची वेळसुद्धा विचारायला जाता येत नाही.

शीला


रामटेक, २० ऑगस्ट

धम्मरत्न,

कालचं पत्र मी पेटीत टाकलं. दोन्ही पत्रं एकदम हातात पडली तर आधी हे वाचा, आणि जमल्यास ते वाचूच नका. जमणार नाही, माहीत आहे.

मी निघाले नाही. पिशवी भरली होती. काल संध्याकाळीच नयनचा परत फोन आला, या वेळी कुजबुजत. "आई, येऊ नको. तो बाबाच्या हातावर निजला हाय. तू आली तर तुम्ही भांडान अन् तो उठन."

मग तिने सगळं सांगितलं, आणि मी ते तुम्हाला परत सांगते आहे, कारण तुम्ही स्वतः कधी सांगणार नाही.

ती दुकानात धावत आली तेव्हा काउंटरवर माणसं दाटली होती. फवारणीचे दिवस. तुम्ही पिंजऱ्यात एकदा पाहिलंत आणि शटर ओढलंत. लोक बाहेरून म्हणत होते, "भाऊ, औषध देऊन तं जा, कपाशी खाऊन राह्यली अळी." तुम्ही म्हणालात, "उद्या या बावा. आज पोरीचं काम हाय." मग नळावर हात. तेवढ्या घाईतही कोपरापर्यंत, हे नयनने मुद्दाम सांगितलं.

त्याला टॉवेलात धरलंत. तंतू कातडीत रुतलेला, केसाहून बारीक, दिसेना. तुमचा चष्मा पुरेना, म्हणून चंदाबाईंनी आपला चष्मा काढून त्याच्यापुढे भिंगासारखा धरला, त्यांना त्यामुळे काहीच दिसत नव्हतं आणि त्या सारखं विचारत होत्या, "जिता हाय ना? जिता हाय ना?" नयनच्या शिवणाच्या वर्गातल्या छोट्या कात्रीने तुम्ही एक एक तंतू कापलात. तो दोनदा चावला, तुम्ही हात मागे घेतला नाही. फोन वाजत होता, तोही घेतला नाही. नयनला या गोष्टीचं फार अप्रूप. तिने ती तीनदा सांगितली.

त्यातला एक फोन माझा होता. भांडायलाच केला होता. उचलला नाही ते बरं केलंत.

गुरांच्या डॉक्टरांकडे नेलंत तेव्हा ते म्हणाले म्हणे, "भाऊ, बैलाची सुई याच्या अंगाएवढी हाय." पण हसून झाल्यावर त्यांनी नीट पाहिलं, मलम दिलं. दोन बोटं जातील, पाय राहील, असं सांगितलं. नयनने विचारलं, तो चाकावर पळू शकेल का. डॉक्टर म्हणाले, मी पळत नाही तरी माझं चालतंच ना.

त्याला आता आठ दिवस चाक देऊ नका. पिंजरा पूर्ण धुऊ नका, फक्त ओला कागद बदला. जखमेजवळ मऊ, धागा न सुटणारा कागद. हे तुम्हाला माहीत असेलच. पण मला इथे बसून दुसरं काही करता येत नाही.

शीला


रामटेक, २९ ऑगस्ट

धम्मरत्न,

तुमचं पत्र चक्क दोन पानी आलं. पहिलं पान त्याच्या पायाचं, दुसरं चंदाबाईंचं. "बाई दोन दिसापासून धड जेवून नाई राह्यली. म्हणते, मायाच हातानं झालं, मले पोरीच्या तोंडाकडे पाहवत नाई." पुढचा मजकूर त्यांच्यासाठी आहे. मोठ्याने वाचा. गाळून वाचू नका, नयन शेजारी बसून तपासेल.

चंदाबाई, जयभीम.

तुम्ही नयनला म्हणालात, "काय व पोरी, जीवाले कागदावर निजवता? कापसाच्या घरी?" मला हे कळलं तेव्हा मी रागात होते, तरी वाटलं, बरोबर बोलल्या. आपल्याकडे घर भरतं ते कापसाने. लेकरू जन्मलं की त्याची गादी कापसाची, म्हातारं माणूस पडलं की त्याच्या पाठीखाली कापूस. घरात गेल्या हंगामाचा कापूस असताना एखाद्या जीवाला रद्दीवर झोपवायचं म्हणजे पाहुण्याला पत्रावळीवर पाणी देण्यासारखं. तुम्ही दुपारभर बसून सरकी वेचलीत, बोटांनी पिंजून त्याला गादी केलीत. आमच्या कुणाच्या हातून त्याचा एवढा लाड झाला नव्हता.

मी पहिल्या पत्रात कशाकशाची नावं घातली होती. फिनाइल, ब्लीचिंग, भुसा, अगरबत्ती. कापूस लिहिला नाही, कारण मलाही ठाऊक नव्हतं. आता विचारून घेतलं. त्याच्या एवढ्याशा पायाला कापसाचा तंतू म्हणजे दोर, आणि गिळला तर पोटात गाठ. हे पुण्यामुंबईच्या माणसाला ठाऊक असेल तर असो. त्याच्या घरी कापूस औषधाच्या दुकानातून पुडीत येतो. आपल्याला कुठून सुचणार, की कापसाचंही भ्यायचं असतं?

नयन तुमच्यावर रुसलेली नाही. तिला वाटतं आहे की तुम्ही तिच्यावर रुसलात, कारण ती त्या दिवशी तुमच्यावर ओरडली. तेव्हा दोघी एका ताटात बसा आणि संपवा. जेवला नाहीत तर मी येईन आणि स्वतः स्वयंपाक करेन. माझी भाजी तुम्ही खाल्लेली आहे.

आता परत धम्मरत्न, तुमच्यासाठी. बाईंच्या हातून पट्ट्या कापून घ्या. त्यांना काहीतरी करू द्या. नुसतं 'असू दे' म्हटल्याने ते त्यांच्या मनातून जायचं नाही.

शीला


रामटेक, ७ ऑक्टोबर

धम्मरत्न,

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तुम्ही नयनला नागपूरला आणलंत आणि तिथून दोन दिवस माझ्याकडे राहू दिलंत, याबद्दल आभार. दीक्षाभूमीवर एवढ्या गर्दीत आपण तिघं एका झाडाखाली डबा खाल्ला आणि भांडलो नाही. आजूबाजूला इतका आवाज होता, की भांडायचं तर ओरडावं लागलं असतं.

होस्टेलवर ती छान राहिली. माझ्या टेबलावरचे कागद पाहून म्हणाली, "आई, हे सगळं तूनं लिवलं?" लिवलं. तिच्या तोंडात आता तुमची बोली पुरती बसली आहे. मी सुधारत नाही. मारेगावला होती तेव्हा माझ्यासमोर जपून बोलायची, असं मला आता वाटतं.

दोन दिवसांत तिने कुबेराचं इतकं सांगितलं की माझ्या मार्गदर्शकांना त्याचं वय आणि वजन पाठ झालं. लंगडतो, पण चाकावर जातो. तुम्ही धुताना तिला बादली धरायला देता आणि दाणे परत कुठे ठेवायचे ते तिलाच विचारता. पहिल्यांदा विचारलंत तेव्हा ती चकित झाली होती.

तिसऱ्या दिवशी आणखी राहते का विचारलं. म्हणाली, "नाई, आज पिंजऱ्याचा वार. बाबा एकटा असला की घाई करते." बसमध्ये चढली, खिडकीशी बसली आणि दप्तरातून बोरं काढून खायला लागली. बस वळेपर्यंत मागे पाहिलं नाही.

मी हे तुम्हाला कळवते आहे ते चांगली बातमी म्हणून. आपण हेच मागत होतो. मुलगी तुमच्याकडे रुळली, माझं चौथं प्रकरण मार्गी लागलं. आनंदच आहे. बसस्टँडवरून चालत आले, रिक्षा केली नाही, हवा बरी होती.

शीला


मारेगाव, २१ डिसेंबर

धम्मरत्न,

प्रबंध दिला. कारकुनाने तो तराजूवर ठेवल्यासारखा हातात तोलला आणि म्हणाला, "बाई, जाड झाला." एवढीच पहिली समीक्षा.

पण हे पत्र गेल्या रविवारचं. तिथे मी जे बोलले नाही ते लिहिते आहे.

मी नयनला न्यायला आले होते. मोठी रिकामी बॅग आणली होती. तुम्ही ती दारातच माझ्या हातून घेतलीत आणि 'काय आणलं' असं विचारलंत. मी म्हणाले, 'काही नाही.'

तुमच्या घरात मी चार वर्षांनी बसले. तुम्ही दुकानातून आलात. अंगणात शर्ट खिळ्याला, नळ सुरू, साबण, कोपर. मी ते सगळं खिडकीतून पाहिलं. नयन माझ्यासमोर गणित करत होती. नळाच्या आवाजाने तिने मान वर केली नाही. फक्त म्हणाली, "बाबा आला." जसं कुणी दिवा लागला म्हणावं. त्या घरात ही गोष्ट आता कुणी पाहत नाही, इतकी ती नेहमीची झाली आहे. आणलेली बॅग तिच्या कपड्यांनी भरायची नाही, हे मला तेव्हाच कळलं. नयनने पुढे जे विचारलं ते नंतर.

मग तुम्ही दोघांनी पिंजरा अंगणात नेला. बाई पट्ट्या घेऊन आल्या, सारख्या मापाच्या. तुम्ही पुसत होता, ती हुकूम देत होती. "बाबा, तो कोपरा राह्यला." "दिसते मले." "मंग पुस ना." असं माझ्याशी कुणी तुमच्यासमोर बोललं असतं तर घरात तीन दिवस अबोला झाला असता. तुम्ही पुसलंत. कुबेर बादलीतून माझ्याकडे बघत होता. मी त्याला वर्षभर दाणे घातले, त्याला माझी ओळख नव्हती. त्याचं काही चुकलं नाही, जुलैनंतर माझा हात त्याला लागला कुठे?

तुम्ही पाणी टाकायला मागे गेलात तेव्हा तिने विचारलं. "आई, तू रागावणार नसशील तं एप्रिलपर्यंत इथंच राहू? मधातच शाळा कशी सोडू?" हे तिने पाठ केलेलं होतं, दुसरं वाक्य जरा लवकर आलं.

मी रागावत नाही म्हणाले. मग चहा गाळते असं म्हणून आत गेले. तुमच्या स्वयंपाकघरात गाळणी कुठे असते हे मला माहीत नव्हतं. मी बराच वेळ सगळे डबे उघडून पाहत होते. बाई आत आल्या, माझ्याकडे पाहिलं, खिडकीच्या गजाला अडकवलेली गाळणी काढून हातात दिली आणि परत अंगणात गेल्या. त्यांना माझा जयभीम सांगा. बाकी काही सांगू नका.

तुम्ही मला जाताना विचारलंत, "तू काहून एवढी चूप?" मी म्हणाले, प्रवासाने. तर खरं असं, की जुलैत मी तुम्हाला एक मुलगी आणि एक पिंजरा दिला तो काही महिन्यांसाठी सांभाळायला. तुम्ही सांभाळणार नाही याची मला भीती होती, हे मी लिहिलं होतं. तुम्ही सांभाळाल याचीही होती, ते लिहिलं नव्हतं.

एप्रिलपर्यंत ती तिथेच राहील. एप्रिलनंतरचं तीच ठरवेल. आपण दोघांनी त्यात पडू नये, कारण आपण पडलो की काय होतं ते तिने पाहिलं आहे. तुम्ही तिला शिकवून विचारायला लावलंत असं मला क्षणभरही वाटलं नाही. तुम्हाला एवढं लांब वाक्य शिकवता येत नाही.

बॅगेत बाईंनी तुरीच्या शेंगा भरून दिल्या. मारेगावच्या स्टँडवर उतरले तेव्हा ती इतकी जड होती की ओळखीच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, नयन आली का?" शेंगा आल्या म्हणाले. अजून खाते आहे.

आता व्यवस्थेचं. कॉलेज सकाळचं आहे, शनिवारी लवकर सुटतं. मी दर शनिवारी दुपारच्या एसटीने येत जाईन आणि रविवारी परतेन. चंदाबाईंच्या खोलीत माझी सोय होईल, असं त्यांनीच मला बसपर्यंत सोडताना सांगितलं. तुम्हाला विचारलं आहे की नाही, मला माहीत नाही.

फक्त एक अडचण आहे. नयन शनिवारी खो-खोच्या सरावाला जाते आणि दिवे लागेपर्यंत येत नाही. बाई त्या वेळी विहारात असतात. म्हणजे मी पोचेन तेव्हा घरात तुम्ही आणि मी. पत्र लिहून आणायचा विचार मनात आला होता, समोर बसून वाचून दाखवायला. तो सोडून दिला आहे. काय बोलायचं ते मी ठरवलेलं नाही, तुम्हीही ठरवून ठेवू नका. दुकान मात्र बंद ठेवा.

शीला